गोळी शेवटी, पाणी आधी : रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी क जीवनसत्त्वाचा खरा हिशेब

लोटे-परशुराम असो, महाड असो, रोह्याचं धाटाव असो नाहीतर वर तारापूर. कामगारांचं सुरक्षा प्रशिक्षण कुठेही घ्या, शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, रोज एक लिमसी चघळली तर केमिकलचा त्रास होत नाही ना?" लिमसी म्हणजे क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी. विचारणारा बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो. त्याला कंपनीने मास्क दिलेला नसतो, किंवा दिलेला मास्क सहा महिने जुना असतो, आणि गोळ्यांची पट्टी मात्र नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात सहज मिळते.

आधीच्या पिढीत हीच जागा गुळाची होती. धुळीत काम केलं की गुळाचा खडा, रंगकाम केलं की पेलाभर दूध. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात, तेव्हा दोघांची गाठ पडायची सोयच नाही. दूध पौष्टिक आहे, पण श्वासावाटे रक्तात गेलेलं थिनरमधलं टोल्युइन ते परत आणत नाही. क जीवनसत्त्वाची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. तो कुठे आहे, किती आहे आणि कोणत्या क्रमाने वापरायचा, ते पुढे पायरीपायरीने लिहितो. क्रम महत्त्वाचा. गोळीचा नंबर सहावा लागतो.

एवढं आधी माहीत हवं

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, म्हणून रोज खाण्यातून घ्यावं लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातलं क जीवनसत्त्व लवकर खर्च होतं. अमेरिकेतल्या शिफारशीत अशा माणसासाठी दिवसाला ३५ मिलिग्रॅम जादा धरलेलं आहे.

त्याचं काम असं. अनेक रसायनं शरीरात शिरली की अतिक्रियाशील कण तयार होतात आणि ते पेशींची मोडतोड करतात. क जीवनसत्त्व स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन या कणांना थंड करतं. हे खरं आहे. पण दोन गोष्टी त्याच्या हाताबाहेरच्या आहेत. क्लोरीन, ॲसिडचा धूर किंवा अमोनिया नाका-घशाला भाजतो तो काही सेकंदांत. तिथे रक्तातलं जीवनसत्त्व वेळेवर पोचत नाही. दुसरं म्हणजे शरीर त्याचा साठा ठरावीक मर्यादेपलीकडे करत नाही. दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम पोटात गेलं की रक्तातली पातळी जवळजवळ भरते. त्यापुढचं बरंचसं लघवीवाटे जातं. एका वेळी १ ग्रॅमच्या वर घेतलं तर आतडं त्यातलं निम्मंही धड शोषत नाही.

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द औषधाच्या डब्यावर दिसला की माणूस निर्धास्त होतो, म्हणून एक जुनी चाचणी सांगतो. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक माणसांना, त्यांत सिगारेट ओढणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले कामगार होते, बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व देऊन फुफ्फुसाचा कर्करोग टळतो का ते पाहिलं जात होतं. १९९६ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त निघाला. ते क जीवनसत्त्व नव्हतं हे खरं, पण 'अँटिऑक्सिडंट आहे, घेतलं तर बिघडतं काय' या विचाराला तेवढा धक्का पुरे आहे.

पायरी १ : ड्रमवरचं नाव वाचा

"त्या निळ्या ड्रममधलं" किंवा "वास मारतं ते" एवढ्या माहितीवर डॉक्टर काही करू शकत नाही. ड्रमवरच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. प्लांटमध्ये मोबाईल बंदी असेल तर नाव आणि कॅस नंबर कागदावर उतरवून खिशात ठेवा. कॅस नंबर म्हणजे आडव्या रेघांनी तोडलेला आकडा. व्यापारी नावं दहा असली तरी हा आकडा एकच राहतो.

मग शिफ्ट इनचार्जकडे त्या मालाची सेफ्टी डेटा शीट मागा. तिचे सोळा भाग असतात. सगळे वाचायची गरज नाही. दुसऱ्यात धोका काय, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात मास्क-हातमोजे कोणते, अकराव्यात शरीरावर काय परिणाम, हे चार पुरे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने हाताळत असलेल्या मालाची माहिती मिळणं हा कामगाराचा हक्क ठरवला. ठेकेदाराच्या हजेरीवर असाल तरी तुम्ही कामगारच आहात. मागताना आवाज चढवायची गरज नाही. "माझ्या फॅमिली डॉक्टरांनी मागितलीय" असं म्हटलं की निम्म्या ठिकाणी काम होतं, हा माझा अनुभव.

पायरी २ : तुमच्या रसायनापुढे क जीवनसत्त्वाचं किती चालतं

सगळ्या रसायनांना एकाच मापाने मोजता येत नाही, म्हणून ही पायरी जरा लांबते.

ॲनिलीन, नायट्रोबेंझीन, क्लोरोनायट्रोबेंझीन ही रंग आणि औषधांच्या धंद्यातली मंडळी. यांचा खरा धोका कातडीतून आहे. बूट भिजला, मोजा ओला राहिला, एवढ्यानेही ती अंगात जातात. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह त्यांच्यामुळे बदलतं आणि ते प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ओठ आणि नखं निळसर-करडी पडतात, डोकं जड होतं, धाप लागते. हे कधीकधी शिफ्ट संपून घरी गेल्यावर, काही तासांनी दिसतं. अशा माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८५ च्या आसपास अडून बसतो आणि प्राणवायू लावला तरी हलत नाही. रक्त काढलं तर चॉकलेटी दिसतं. सावळ्या माणसात निळेपणा चटकन कळत नाही, म्हणून खालचा ओठ उलटून आतली बाजू आणि नखं पाहा. यावरचं औषध म्हणजे शिरेतून दिलेलं मिथिलीन ब्लू. ते तासाभरात काम करतं. इथे क जीवनसत्त्वाला खरोखर जागा आहे. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं त्यांना मिथिलीन ब्लू देता येत नाही, तेव्हा डॉक्टर क जीवनसत्त्व देतात. पण तेही रुग्णालयात, आणि त्याचा परिणाम कितीतरी संथ. चघळायच्या गोळीशी याचा संबंध नाही. आणखी एक, या प्लांटमधून सुटल्यावर लगेच दारू नको. दारूने हा त्रास वाढतो. 'केमिकल उतरवायला एक पेग' हा सल्ला देणाऱ्याला गाठून हे सांगा.

क्रोमियमचा मामला अधिक गुंतागुंतीचा. क्रोमिक ॲसिड, डायक्रोमेट, प्लेटिंग, पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं यांत सहा संयुजेचं क्रोमियम असतं. ते विषारी. तीन संयुजेचं त्यामानाने सौम्य. क जीवनसत्त्व सहाचं तीन करतं, आणि फुफ्फुसाच्या आतल्या ओलाव्यात ते नैसर्गिकपणे हेच काम करत असतं. मग जास्त गोळ्या खाव्यात का? इथेच गोम आहे. ही क्रिया पेशीच्या बाहेर झाली तर बचाव होतो. क्रोमियम पेशीत शिरल्यावर आत झाली तर त्यातूनच डीएनएला इजा होते. बाहेर रक्षक, आत तोच कारण. म्हणून क्रोमियमवाल्या प्लांटमध्ये खरा उपाय म्हणजे ते नाकात आणि कातडीवर न येऊ देणं. हातावर पडणाऱ्या खोल, कडा उचललेल्या, फारशा न दुखणाऱ्या क्रोमच्या जखमांवर काही डॉक्टर क जीवनसत्त्वाचं १० टक्क्यांचं द्रावण वापरतात. तेही भरपूर पाण्याने धुतल्यावर आणि त्यांच्याच देखरेखीत. नाकातून वरचेवर रक्त येत असेल, आत खपल्या धरत असतील, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नाकाचा पडदा दाखवा. तिथे भोक पडतं आणि माणसाला पत्ता नसतो.

शिसं. बॅटरी, जुने रंग, प्लास्टिकमधले स्थिरक. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सिगारेट ओढणाऱ्या तरुणांना आठवडाभर रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिल्यावर रक्तातलं शिसं ठळकपणे घटलं. हा निकाल जाहिरातवाले फार आवडीने वापरतात. मात्र ती मंडळी शिशात काम करणारी नव्हती, त्यांच्या रक्तात शिसं मुळात थोडं होतं. जिथे ताटाचा संबंध पक्का आहे ती गोष्ट वेगळी. अंगात लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त शोषतं, आणि जेवणातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं. ताटातल्या लिंबाच्या फोडीचा हा उपयोग आडवाटेने होतो, पण होतो.

बेंझीन, टोल्युइन, डायक्लोरोमिथेन यांसारख्या सॉल्व्हंटवर, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांवर, गोळीचा भरवसा धरू नका. हायड्रोजन सल्फाइड, क्लोरीन, फॉस्जीन या वायूंपुढे तिचा काही उपयोग नाही. हायड्रोफ्लोरिक ॲसिडवर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं. ते तुमच्या प्रथमोपचार पेटीत आहे का ते आजच बघा, आणि त्यावरची मुदतही. गंमत म्हणजे एक जीवनसत्त्व खरोखर विषावरचा उतारा आहे: ब-१२ चं हायड्रॉक्सोकोबालामिन हे रूप सायनाइडवर शिरेतून देतात. क मात्र त्या यादीत नाही.

आंब्याच्या बागायतदारांनीही हे लक्षात घ्यावं. मोहोर फुटल्यापासून फवारण्या सुरू होतात आणि त्यांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं असतात. फवारणी करणाऱ्याच्या तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या तर लिंबू सरबत पाजत बसू नका. त्याला ॲट्रोपिन लागतं, ते रुग्णालयातच मिळतं, आणि जाताना औषधाची बाटली बरोबर न्यायची असते.

पायरी ३ : नाक आणि कातडी

कापडी मास्क, रुमाल, निळा सर्जिकल मास्क हे वाफेला अडवत नाहीत. धुळीचा एन-९५ धुळीपुरता. सॉल्व्हंटच्या वाफेला मास्कवर कोळशाचं कार्ट्रिज, म्हणजे बदलता येणारी गाळणी, लागतं, ॲसिडच्या वायूला वेगळं, अमोनियाला आणखी वेगळं. बाजारात युरोपी आणि अमेरिकी अशा दोन्ही पद्धतींच्या रंगखुणा मिसळलेल्या आहेत. युरोपी पद्धतीत तपकिरी पट्टा सेंद्रिय वाफेचा, अमेरिकीत तेच काम काळा पट्टा करतो. म्हणून रंगावर जाऊ नका, कार्ट्रिजवर लिहिलेलं वाचा.

कोकणातली खास अडचण म्हणजे दमट हवा. कोळसा हवेतली ओल ओढून घेतो आणि सॉल्व्हंट अडवायची त्याची ताकद लवकर संपते. उन्हाळ्यात जे कार्ट्रिज टिकतं ते श्रावणात तेवढं टिकत नाही. काम झालं की मास्क पिशवीत घालून घट्ट बंद करा. खुंटीवर टांगून ठेवलेला मास्क रात्रभर फुकट खर्च होत राहतो. आत वास आला, गोडसर चव लागली की कार्ट्रिज संपलं. दाढीचे खुंट वाढले असतील तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही आणि वाफ कडेने आत येते. टाकीत किंवा मॅनहोलमध्ये कार्ट्रिजचा मास्क चालत नाही, कारण तिथे प्राणवायूच कमी असू शकतो, १९.५ टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर आत जायचं नाही.

हातमोज्यांत लोक नायट्राइलवर डोळे मिटून विसंबतात. ॲसिटोन, डीएमएफ, डायक्लोरोमिथेन नायट्राइलमधून बघता बघता आरपार जातात, आणि आत हात घामाने ओला असल्याने कळतही नाही. शीटचा आठवा भाग त्यासाठीच वाचायचा. सुती मोजा तर घालूच नका; तो रसायन पिऊन हाताला लावून ठेवतो.

पायरी ४ : शिफ्ट सुटल्यावर

या पायरीवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे, कारण इथे एक दमडी लागत नाही.

प्लांटच्या पायरीवर बसून तंबाखू मळणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. चंची उघडली, डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, नखाने चुना काढला, अंगठ्याने दोन मिनिटं रगडलं, फटका मारून भुकटी उडवली आणि बार दाढेत धरला. तळव्याच्या रेघांत आणि नखाखाली जे काही बसलं होतं, पिवळी पावडर असो की इंटरमीजिएटचा (अर्ध्या टप्प्यावरच्या मालाचा) चुरा, ते चुन्याबरोबर मळून थेट तोंडात गेलं, आणि पुढचा अर्धा तास तिथेच राहिलं. हा माणूस घरी जाऊन गोळी चघळणार. मिश्री लावणाऱ्या बायकांचं बोटही तेच करतं. तंबाखू सुटली तर उत्तमच. ते होईपर्यंत निदान हात साबणाने, नखांना ब्रश लावून धुतल्याशिवाय चंचीला हात नाही एवढं तरी पाळा. थिनरने किंवा सॉल्व्हंटने हात धुणं तर सरळ बंद. त्याने कातडीवरचं तेल जातं आणि पुढच्या वेळी रसायन जास्त वेगाने आत शिरतं.

अंघोळ कंपनीतच. बॉयलर सूट घरी आणू नका. आणावाच लागला तर वेगळ्या पिशवीत, आणि पोरांच्या कपड्यांबरोबर बादलीत नको. शिशाच्या कामावरून येणाऱ्या माणसाच्या कपड्यांतून घरातल्या लहान मुलांच्या अंगात शिसं गेल्याची उदाहरणं जगभर आहेत.

काजू कारखान्यांत काजू फोडणाऱ्या बायकांचा प्रश्न याच्याच जवळचा. टरफलातल्या चिकाने हातांची सालं निघतात. तिथेही मोजे आणि कामाआधी लावलेलं तेल उपयोगाचं.

पायरी ५ : ताटात काय

आता कोकणातल्या माणसाच्या नशिबाची बाजू. पैसे देऊन गोळी घ्यायची खरं तर गरजच पडू नये अशी ही जमीन आहे.

पेरूच्या १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाची गरज दुपटीहून जास्त भागली. आवळ्यात १०० ग्रॅममागे अडीचशेच्या आसपास. आणि तिसरा आपला बोंडू. काजूच्या बोंडातही संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व आहे, आणि फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत बागांत त्याचा खच पडतो. बी पिळून काढायची आणि बोंड झाडाखाली सडू द्यायचं, ही आपली रीत मला कधी पटलेली नाही. घसा खवखवतो ही तक्रार रास्त आहे, ती त्यातल्या टॅनिनमुळे. फोडी करून मीठ लावा, दहा-पंधरा मिनिटांनी सुटलेलं पाणी टाका, मग खा. पिकलेली पपई, कैरी, कोबीची कोशिंबीर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर ही बाकीची फौज. लिंबाला उगाच पहिला नंबर मिळालाय; एका लिंबाच्या रसात १० ते २० मिलिग्रॅमच निघतं.

आंबट म्हणजे क जीवनसत्त्व, हा समज मात्र सोडा. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा, चिंचेचा टार्टारिक आम्लाचा. सोलकढी प्या, जेवण छान होतं, पण तिच्यावर हा हिशेब मांडू नका. बिंबलं या आंबट फळांच्या बाबतीत तर सावध राहा. कालवणात दोन-चार पडली तर हरकत नाही, पण घरगुती उपाय म्हणून बिंबलांचा कच्चा रस पेलाभर प्यायल्याने मूत्रपिंडं बंद पडल्याची प्रकरणं केरळात नोंदली गेली आहेत. त्यात ऑक्झलेट फार असतं.

हे जीवनसत्त्व उष्णतेने, पाण्याने आणि तांब्याने मरतं. पाला चिरून मग धुऊ नका, धुऊन मग चिरा. भाजी झाकण ठेवून थोड्या पाण्यात करा. सरबत तांब्याच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात करू नका. डब्यात कापलेल्या फोडी नेण्यापेक्षा अख्खा पेरू न्या, आणि तो हात धुऊन, कँटीनमध्ये बसून खा. मशीनजवळ ठेवलेल्या फळाच्या सालीवर काय बसलंय ते दिसत नाही. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, पालेभाजी यांच्याबरोबर लिंबू किंवा कैरी घ्या म्हणजे लोह अंगी लागतं. वर लगेच चहा प्यायलात तर ते लोह पुन्हा अडतं. तासभर थांबा.

बाटलीतल्या सरबतांबद्दल एक. टिकावं म्हणून त्यांत बऱ्याचदा सोडियम बेन्झोएट घालतात. बेन्झोएट आणि क जीवनसत्त्व एकत्र आले आणि बाटली उन्हात तापत राहिली, तर अगदी सूक्ष्म प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं. प्रमाण इतकं कमी की घाबरायचं कारण नाही. पण बाटली सावलीत ठेवा आणि लिंबू पिळायचं ते पेल्यात.

पायरी ६ : गोळी घ्यायचीच असेल तर

फळं मिळत नाहीत, रात्रपाळीत जेवण धड होत नाही, तोंड येतंय, हिरड्यांतून रक्त येतंय, अशा वेळी काही दिवस गोळी घ्यायला हरकत नाही. बाजारातली चघळायची गोळी बहुधा ५०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे एक पुरे होऊन उरते. 'आज जास्त वास होता' म्हणून चार खाऊ नका. दिवसाला २ ग्रॅमच्या वर गेलं की जुलाब आणि पोटात मुरडा ठरलेला. मोठ्या डोसातल्या क जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो, आणि स्वीडनमध्ये पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण दुपटीच्या घरात दिसलं. बॉयलरपाशी घामाघूम होणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला खड्याचा धोका तसाही असतोच. खड्याचा इतिहास, मूत्रपिंडाचा आजार, थॅलेसेमिया किंवा अंगात लोह साठण्याचा विकार, जी-सिक्स-पीडीची कमतरता यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. 'डिटॉक्स' म्हणून शिरेतून मोठाल्या मात्रा देणाऱ्या दवाखान्यांपासून लांब राहा.

वार्षिक तपासणीच्या दोन दिवस आधी गोळी बंद ठेवा. लघवीच्या पट्टीवरची साखर आणि रक्त हे दोन्ही तिच्यामुळे लपू शकतात.

पायरी ७ : अंगावर उडालं, वायू सुटला

अंगावर उडालं की पाणी. लगेच, आहे तिथे, धो-धो. कपडे, पट्टा, बूट काढून निदान १५ मिनिटं. लाजू नका, लाजण्याने कातडी जाते. डोळ्यांत गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ, आणि धुवत धुवतच रुग्णालयाकडे. कॉस्टिकवर लिंबू पिळणं, ॲसिडवर सोडा टाकणं हे प्रकार करू नका. उष्णता निघून भाजणं वाढतं. कोरडी पावडर असेल तर आधी झटका, मग पाणी. पोटात गेलं तर उलटी काढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, लिंबूपाणीसुद्धा नाही.

वायू सुटला तर आधी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा आणि वाऱ्याला आडवं जा. किनारपट्टीला दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो. दुपारची सुरक्षित वाट रात्री उलटी असू शकते. क्लोरीन हवेपेक्षा जड आहे. सड्यावरच्या कारखान्यातून तो निघाला तर उतार धरतो आणि व्हाळात, घळीत, खालच्या वाडीत साचतो. म्हणून व्हाळाकडे पळू नका, चढाकडे जा. आसपासच्या वाड्यांतल्या लोकांनी हे घरातल्या पोरांना सांगून ठेवावं. दारं-खिडक्या बंद करून बसायची सूचना आली तर फटींना ओली चादर लावा.

टाकीत कोणी पडलेला दिसला तर त्याला ओढायला उतरू नका. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करण्याच्या) टाक्यांत आणि मॅनहोलमध्ये एकामागून एक माणसं जातात ती याच मायेपोटी. आरडाओरडा करा, १०८ ला फोन करा, हवेचा सिलेंडर लावलेला माणूसच आत जाईल.

फॉस्जीन किंवा नायट्रिकचा पिवळा-तपकिरी धूर ओढला गेला आणि आता बरं वाटतंय, म्हणून घरी जाऊ नका. फुफ्फुसात पाणी साचायला काही तास ते पूर्ण दिवसही लागू शकतो. रात्रभर देखरेखीत राहा, आणि त्या काळात जिने चढणं, धावपळ बंद.

पायरी ८ : तपासणी मागून घ्या

"वजन, बीपी, एक्स-रे, झालं" ही तपासणी रसायनवाल्यांच्या कामाची नाही. बेंझीनसाठी पूर्ण रक्तगणना, शिशासाठी रक्तातलं शिसं, ॲनिलीन गटासाठी मेथेमोग्लोबिन (प्राणवायू न वाहणारं बदललेलं हिमोग्लोबिन), धूर-धुळीसाठी फुंकर मारायची स्पायरोमेट्री, क्रोमियमसाठी लघवीतलं क्रोमियम. फवारणीवाल्यांनी हंगामाआधी एकदा रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराची तपासणी करून घ्यावी, म्हणजे पुढे पडताळायला स्वतःचा मूळ आकडा हाताशी राहतो. हा मूळ आकडा सगळ्यांनाच लागू आहे. नव्या प्लांटवर रुजू होताना केलेली तपासणी दहा वर्षांनंतरच्या तपासणीपेक्षा जास्त किमतीची ठरते.

ईएसआयचं (राज्य कामगार विम्याचं) कार्ड असेल तर डॉक्टरांना 'कंपनीत आहे' एवढंच सांगू नका. कोणत्या प्लांटवर, कोणता माल, किती वर्षं, हे केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. रिपोर्टची प्रत मागा आणि ती घरी ठेवा, कारण ठेकेदार बदलला की जुन्या ठेकेदाराकडची फाईल सापडत नाही. प्रत देत नसतील तर औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाकडे लेखी अर्ज करता येतो. अर्जावर प्लांटचं नाव, मालाचं नाव आणि पहिल्या पायरीत उतरवून ठेवलेला कॅस नंबर लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.